मिरचीचं पोर्तुगीज नाव

नववीच्या वर्गावर तास होता. विषय, परभाषांतून मराठीत आलेले शब्द. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हा माझ्या आवडीचा तास. फारसी-अरबीतून आलेले शब्द मुलांनी पटापट सांगितले. कागद, दुकान, बाजार, वकील, हजर. मग पोर्तुगीजांची पाळी आली. बटाटा, काजू, अननस, पपई, पेरू, तंबाखू, पाव, चावी, पगार. फळा भरत आला. घंटा व्हायला पाचेक मिनिटं असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, इतिहासाच्या बाई म्हणाल्या, मिरचीसुद्धा पोर्तुगीजांनीच आणली. मग तिचं पोर्तुगीज नाव कुठे गेलं?"

मी म्हणालो, उद्या सांगतो. शिक्षक 'उद्या सांगतो' म्हणतो तेव्हा त्याला उत्तर येत नसतं, हे मुलांनाही ठाऊक असतं. माझा तो 'उद्या' यायला सात-आठ महिने लागले. तोवर माझ्या परसातल्या मिरच्या लाल होऊन गेल्या होत्या आणि त्यांचा सॉस करायच्या नादात मी एक बरणी वाया घालवली होती. आजचा लेख त्या प्रश्नाचा आहे आणि त्या बरणीचाही.

आधी परसाबद्दल. पालघरहून मनोरकडे जाताना सूर्या नदीकाठी आमचं मासवण लागतं. इथलं पाणी पंपाने उचलून वसई-विरारला जातं, एवढीच आमच्या गावाची बाहेर ओळख. घराच्या मागे चार हात जागा आहे. तिथे बारा मिरचीची रोपं आहेत. पहिल्या वर्षी मी बोईसरच्या बाजारातून संकरित बियाण्याचं पाकीट आणलं होतं. मिरच्या भरपूर लागल्या. दुसऱ्या वर्षी त्यांचंच बी धरून लावलं तर एकासारखं एक झाड उगवेना. कुठे लांब मिरची, कुठे आखूड, कुठे नुसतीच पानं. शेजारच्या पाड्यावरून भाजी घेऊन येणाऱ्या मावशी ते बघून हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पदराच्या गाठीतून चिमूटभर बी काढून दिलं. "मास्तर, मिरचीचं बी काय विकत आणायचं असतं?" त्या बियांची झाडं आज माझ्या परसात आहेत. मिरची बोटाच्या पेराएवढी, आभाळाकडे तोंड करून लागणारी, तिखट म्हणजे तिखट.

आता त्या मुलीचा प्रश्न.

मिरचीच्या सगळ्या जातींचं मूळ अमेरिका खंडात आहे. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतले लोक हजारो वर्षांपासून ती लावत होते, वाटत होते, खात होते. 'चिली' हा शब्दही मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला. १४९२ मध्ये कोलंबस निघाला तो हिंदुस्थानच्या शोधात. त्याला हवी होती मसाल्याची बाजारपेठ, आणि मसाल्यांचा राजा म्हणजे काळी मिरी. कॅरिबियन बेटांवर त्याला मिरी मिळाली नाही, मिरची मिळाली. जानेवारी १४९३ च्या रोजनिशीत त्याने नोंद केली आहे की तिथले लोक हिच्याशिवाय जेवत नाहीत आणि ही मिरीपेक्षा मोलाची आहे. काळी मिरी स्पॅनिश भाषेत 'पिमिएंता', स्त्रीलिंगी. या नव्या फळाला त्यांनी नाव दिलं 'पिमिएंतो', पुल्लिंगी. म्हणजे मिरीचं लिंग बदललं की झाली मिरची.

पोर्तुगीजांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. ते दोन्हींना 'पिमेंता'च म्हणत राहिले. तेव्हा मिरचीला पोर्तुगीज नाव होतं, पण ते तिचं स्वतःचं नव्हतं, मिरीचं होतं. उत्तराचा पहिला धागा मला इथे सापडला.

दुसरा धागा आपल्याच घरात होता. संस्कृतात काळी मिरी म्हणजे मरिच. त्यातून आपली 'मिरी' आली आणि त्याच कुळातली 'मिरची'. उर्दूत तर आजही दोन्ही 'मिर्च' आहेत, एक काली, एक लाल. तमिळमध्ये मिरी म्हणजे 'मिळगू' आणि मिरची 'मिळगाय', म्हणजे मिरीचं फळ. कन्नडमध्ये मिरी 'मेणसू', मिरची 'मेणसिनकायी'. तेलुगूत मिरी 'मिरियालु', मिरची 'मिरपकाय'. या भाषा बोलणारे लोक काही एकत्र बसून ठराव करायला गेले नव्हते. तरी सगळ्यांनी नव्या फळाला जुन्या मिरीच्याच घरात घेतलं.

बटाट्याच्या वाट्याला हे आलं नाही. काजू, अननस, पपई, पेरू, तंबाखू हे सगळे परकी नावं घेऊन आले आणि तीच नावं घेऊन राहिले, कारण त्यांच्यासारखं काही इथे आधी नव्हतं. लोकांनी विचारलं असेल, हे काय? कुणीतरी सांगितलं असेल, बटाटा. मिरचीच्या बाबतीत मात्र हा प्रश्न पडला नसावा. जिभेवर ठेवली आणि कळलं, ही मिरीचं काम करणारी आहे. ज्याचं काम ओळखीचं, त्याला नाव विचारावं लागत नाही.

गंमत अशी की हा गोंधळ जगभर झाला. १५४२ मध्ये लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याने वनस्पतींचा मोठा सचित्र ग्रंथ छापला. त्यात मिरचीचं चित्र आहे आणि तिला नाव आहे 'कालिकतची मिरी'. कोलंबसला मिरची दिसून पन्नास वर्षंही झाली नव्हती, तेवढ्यात युरोपातला एक विद्वान ती केरळातली समजू लागला होता. पुढे १७७६ मध्ये याक्विन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने एका जातीला 'कॅप्सिकम चायनेन्स' म्हणजे चीनची मिरची असं शास्त्रीय नाव दिलं. तीही मूळची अमेरिकेचीच, पण नाव आजतागायत चीनचं आहे. आणि हल्ली बटाट्याच्या वेफर्सच्या पाकिटावर 'पेरी पेरी' लिहिलेलं असतं, ते कुठून आलं? आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मिरचीला 'पिलीपिली' म्हणतात. ते आलं अरबी 'फिलफिल'वरून, म्हणजे मिरी. अरबीत ते आलं फारसी 'पिलपिल'मधून, आणि त्याचं मूळ संस्कृत 'पिप्पली'. म्हणजे आपल्या औषधाच्या बटव्यातली पिंपळी. पिंपळी जगभर फिरून वेफर्सच्या पाकिटावर बसून परत आली, आणि आपण तिला परदेशी चव म्हणून पैसे मोजतो.

मग ती इथे आली कधी? १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. १५०० मध्ये काब्रालचं आरमार आधी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागलं आणि त्याच वर्षी कालिकतला पोहोचलं. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे गेला. अमेरिका आणि आपला किनारा एका जलमार्गाने जोडले गेले ते याच दहा-बारा वर्षांत. मुंबईकडे एकेकाळी मिरचीला 'गोवाई मिरची' म्हणत अशी नोंद आढळते, त्यावरून ती कुठल्या वाटेने वर सरकली याचा अंदाज येतो.

पण ग्रंथ बघायला जावं तर ती चटकन सापडत नाही. गार्सिया द ओर्ता हा वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे खंडाने होतं. हिंदुस्थानातल्या औषधी आणि मसाल्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात काळ्या मिरीवर सविस्तर प्रकरण आहे, मिरचीवर नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी' लिहिली. बादशाही मुदपाकखान्यातल्या पदार्थांचं सामान त्यात मापासकट दिलं आहे. उर्दू तर्जुम्यात मी ती यादी बोट ठेवून वाचली. मिरी आहे, आलं आहे, लवंग-दालचिनी आहे. लाल मिरची नाही.

वैद्याच्या ग्रंथात नाही, बादशहाच्या ताटात नाही. तरी पुढच्या काळात ती गावागावांत पोहोचली. मला वाटतं, या 'नाही'मध्येच तिची गोष्ट आहे.

काळी मिरी कुणाची होती ते बघा. मिरीचा वेल मलबारच्या पावसात वाढतो. त्याला आधाराला झाड लागतं, धरायला तीन-चार वर्षं लागतात. देशावर, खानदेशात, विदर्भात ती होत नाही. म्हणजे विकत घ्यावी लागते, आणि विकत म्हणजे व्यापाऱ्याच्या हातून, व्यापारी राजाच्या हाताखाली. पोर्तुगालच्या राजाने तर मिरीचा व्यापार आपल्या मुठीत ठेवायचा प्रयत्न केला. अरबी समुद्रात फिरणाऱ्या जहाजाला पोर्तुगीजांचा परवाना, 'कार्ताझ', जवळ बाळगावा लागे. तो नसेल तर जहाज जप्त. या किनाऱ्यावरच्या नाखुद्यांना हज यात्रेकरूंची जहाजंसुद्धा तो कागद घेऊनच न्यावी लागत.

आणि मिरची? रोप लावल्यापासून दोन-तीन महिन्यांत फळ देते. फुटक्या मडक्यात येते. एका मिरचीत पन्नास-साठ बिया, वाळवून चिंधीत बांधल्या तर पुढच्या वर्षी उगवतात. तिला कार्ताझ लागत नाही. बी द्यायला शेजारीण पुरते. ज्यांनी मिरीसाठी समुद्रावर चौक्या बसवल्या, त्यांच्याच जहाजातून मिरीची गरज कमी करणारं झाड उतरलं आणि त्यांच्या हातातून निसटून परसात गेलं. गरिबाच्या भाकरीला पहिल्यांदा फुकटचं तिखट मिळालं. त्याआधी तिखट म्हणजे मिरी, आलं, पिंपळी, मोहरी. पिंपळी तर स्वयंपाकघरातून जवळजवळ उठलीच, आता काढ्यापुरती उरली आहे.

आमचा पालघरचा किनारा या गोष्टीच्या अगदी वाटेवर होता. १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, अशेरी इथे त्यांचे कोट उभे राहिले किंवा त्यांच्या हाती आले. हा सगळा 'उत्तरेचा प्रांत', सुमारे दोनशे वर्षं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत माहीम, तारापूर आणि शेवटी वसई मराठ्यांनी घेतली. सहलीला मुलांना घेऊन गेलो की आम्ही तारापूरच्या किल्ल्याची तटबंदी दाखवतो आणि सन सांगतो. मुलं सन लिहून घेतात. पण त्या दोनशे वर्षांतलं आज रोज वापरात काय राहिलं, असं विचारलं तर तटबंदीकडे नाही, आईच्या मसाल्याच्या डब्याकडे बोट दाखवावं लागेल. वाणगाव-डहाणूच्या पट्ट्यात मिरचीचे मळे आहेत, आणि तोडलेल्या मिरचीच्या गोण्या रेल्वे स्टेशनच्या बाजूला लागलेल्या असतात. त्या गोण्या मला किल्ल्याइतक्याच जुन्या वाटायला लागल्या आहेत.

याच दिवसांतली एक गोष्ट. डहाणू लोकलमध्ये समोर एक गृहस्थ बसले होते. बोलके होते. माझं नाव कळल्यावर विचारलं, "मूळ कुठले?"

"मासवणचा."

"तसं नाही हो. मूळचे?"

हा प्रश्न मला नवा नाही. माझ्या आजोबांचे आजोबा इथल्याच मातीत आहेत हे सांगून मी पूर्वी वाद घालत असे. त्या दिवशी माझं लक्ष त्यांच्या हातातल्या वडापावाकडे गेलं. बटाटा, पाव आणि बाजूला मीठ लावून तळलेली मिरची. मी हसलो फक्त. त्यांना वाटलं असेल, मास्तर शांत माणूस आहे. ते पालघरला उतरले. उतरताना म्हणाले, "भेटू परत." माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त मिरचीचा इतिहास कुणी शिकवला नव्हता. आणि ते काम तर आमचंच.

आता बरणीकडे येतो.

हिवाळा संपत आला तशी झाडं लालभडक झाली. हिरवी मिरची रोजच्या स्वयंपाकाला लागते, पण एवढी पिकलेली मिरची करायची काय? वाळवून ठेवावी तर मुलं म्हणाली, "अब्बा, सॉस करू या. चायनीजच्या गाडीवरचा असतो तसा." गाडीवरच्या त्या लाल पाण्यात मिरची किती आणि रंग किती हे त्या गाडीवाल्यालाच माहीत. म्हटलं, करू.

मिरची, मीठ आणि आंबट, या तिघांच्या संगतीलाही इतिहास आहे. मिरची नासू नये म्हणून मीठ, मिठाच्या जोडीला सिरका. पोर्तुगीज खलाशी मांस वाइन आणि लसणात मुरवून नेत, 'विन्या द आल्यूश'. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा सिरका आला, वर लाल मिरची आली आणि त्याचं झालं विंदालू. गोव्याचा रेशाद मसालाही मिरची आणि सिरका वाटूनच होतो. तिकडे अमेरिकेत लुईझियाना राज्यात मॉन्सेल व्हाइट नावाच्या जमीनदाराने टबॅस्को मिरचीचा सॉस यादवी युद्धाच्या आधीच केला होता. युद्धानंतर एडमंड मॅकइलहेनी या डबघाईला आलेल्या बँकवाल्याने एव्हरी बेटावरच्या बागेत तीच मिरची लावली आणि १८६८ च्या पिकापासून विक्रीसाठी सॉस करायला घेतला. मिरची बागेतली, मीठ त्याच बेटावरच्या खाणीतलं, बाहेरचा फक्त सिरका. आजही त्या कंपनीत मिरचीचा लगदा मीठ घालून लाकडी पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवतात. जगभर गेलेली ती छोटी बाटली सुरू झाली ती एका परसातून.

सिरक्याचं आमच्या घरात जरा नाजूक प्रकरण होतं. पैगंबरसाहेबांनी (स.) घरात सालन म्हणून फक्त सिरका होता तेव्हा तोच आवडीने खाल्ला आणि त्याची तारीफ केली, ही हदीस आमच्याकडे लहानपणीच ऐकायला मिळते. पण सिरका बहुधा दारूच्या टप्प्यातून जातो. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई मसलकाचे. या मसलकानुसार दारूचा सिरका आपोआप झाला तर पाक, त्यात काही घालून मुद्दाम केला तर नाही. हनफी उलेमा दोन्ही चालवून घेतात. माझे वडील या बारकाव्यात पडत नसत. ताडीशी नातं असलेली बाटली घरात नको, एवढंच. आमच्याकडे आंबट म्हणजे चिंच, कोकम, कैरी. लग्नानंतर बायकोने पहिल्यांदा नवसारीचा उसाचा सिरका आणला, पारशी घरांत वापरतात तो. त्या दिवशी वडील बाटली उलटसुलट करून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "वास तर कैरीच्या लोणच्यासारखा आहे." तेव्हापासून तो घरात आहे.

पण खरा शोध असा लागला की सिरका नसतानाही मिरची आंबट होते. मिरचीच्या सालीवरच दह्यातल्यासारखे जिवाणू असतात. त्यांना मीठ चालतं, नासवणाऱ्या बऱ्याच जिवाणूंना चालत नाही. योग्य मीठ पडलं की हे जिवाणू मिरचीतली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल करतात, आणि त्या आम्लात मिरची टिकते. दही, इडलीचं पीठ, ढोकळा, त्याच कुळातली ही मिरची.

'योग्य मीठ' हे शब्द मी पहिल्या वेळी गांभीर्याने घेतले नाहीत. वजन न करता मुठीने मीठ घातलं, बरणी काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट लावून विसरून गेलो. चौथ्या रात्री ओट्यावर स्फोट झाल्यासारखा आवाज झाला. झाकण उडालं होतं, लाल लगदा भिंतीवर, कॅलेंडरवर, मिक्सरवर. तळाशी उरलेल्यावर दोन दिवसांत हिरवी-काळी लोकर आली. सगळं फेकलं. बायको म्हणाली, "वर्गात मुलांना प्रयोग करून दाखवता ना? तसाच वजन करून करा."

दुसऱ्यांदा तसाच केला. पाव किलोचे दोन वाटे म्हणजे अर्धा किलो लाल मिरची, देठ काढून धुतलेली आणि पुसून कोरडी केलेली. पन्नास ग्रॅम सोललेला लसूण. दोन्ही मिळून साडेपाचशे ग्रॅम, त्याला तीन टक्के म्हणजे साडेसोळा ग्रॅम मीठ. मीठ साधं जाडं, आयोडीन नसलेलं. मिक्सरमध्ये जाडसर वाटून काचेच्या बरणीत भरलं, वर चौथा हिस्सा जागा मोकळी ठेवली. झाकण सैल. दिवसातून एकदा उघडून गॅस जाऊ द्यायचा आणि स्वच्छ चमच्याने लगदा खाली दाबायचा, म्हणजे तो स्वतःच्या रसाखाली राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून बुडबुडे येतात. आपल्या उकाड्यात दहा ते चौदा दिवस पुरतात. वर पांढरी पातळ साय आली तर काढून टाकायची, ती घातक नसते. पण केसाळ, रंगीत बुरशी आली तर सगळी बरणी फेकायची, वरवर काढून वापरायची नाही.

बुडबुडे थांबले आणि वास आंबट-गोड झाला की लगद्यात अर्धी वाटी सिरका घालून पुन्हा बारीक वाटायचा, गाळायचा, दहा मिनिटं मंद उकळायचा आणि उकळलेल्या बाटल्यांत भरायचा. शाळेच्या प्रयोगशाळेतून पीएच पट्टी मिळाली तर बघायचं, ४ च्या खाली असला पाहिजे. बाटली फ्रिजमध्ये. आणि वाटताना हातमोजे. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे हात कितीही धुतले तरी डोळ्याला लागला की कळतं. जीभ पोळली तर पाण्यापेक्षा दूध किंवा दही बरं. ते बियांत नसून आतल्या पांढऱ्या गरात असतं, हेही मला तेव्हाच समजलं. पक्ष्यांना ते झोंबत नाही. मिरची खाऊन ते लांब कुठेतरी बी टाकतात. म्हणजे पोर्तुगीज यायच्या आधीपासून मिरचीचे खलाशी ठरलेले होते.

सॉस चार छोट्या बाटल्या झाला. एक बाटली मावशींकडे नेली. त्यांनी बोटावर घेऊन चाखला, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "मिरची आमची, पण चव वेगळी." मी तो प्रशस्तीचा शेरा धरला. पण त्यातला 'आमची' शब्द माझ्या मनात राहिला. त्यांच्या सासूकडून आलेलं बी, तिच्या सासूकडून आलेलं. त्या साखळीचं पहिलं टोक कुठेतरी तारापूर-माहीमच्या बंदरात असेल, आणि त्याच्याही पलीकडे समुद्रापार. पण ज्या बायांनी दर वर्षी सर्वांत चांगली मिरची न खाता बियाला राखली, त्यांनीच ती 'आमची' केली. वसईच्या तहाचं साल मिळतं. या बायांचं साल कुठे लिहिलेलं नाही. आणि हे राखणं आता सुटत चाललं आहे. पाकिटातलं संकरित बी जास्त पीक देतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. पण ते दर वर्षी विकत घ्यावं लागतं. मिरचीला जो कार्ताझ कधी लागला नव्हता, तो आता पाकिटावर छापून येतो आहे.

जूनमध्ये शाळा उघडली. ती मुलगी दहावीत गेली होती. मी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि 'उद्या'चं उत्तर दिलं. सांगितलं, मिरचीचं पोर्तुगीज नाव हरवलं नाही, लोकांनी ते विचारलंच नाही. त्यांनी चाखलं आणि आपल्या मिरीचं नाव तिला दिलं. तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे सर, ज्याला आपण नाव देतो ते आपलं होतं?"

मी म्हणालो, नाव देऊन भागत नाही, बी राखावं लागतं. वहीच्या कागदाची पुडी करून मूठभर बी तिला दिलं.

परवा ती वर्गाच्या दारात आली. रोपं हातभर झाली आहेत, पण पानं वळून चुरडली आहेत, काय करू? बोकड्या पडला होता. मी तिला कडुनिंबाचा अर्क फवारायला सांगितलं, फार वळलेली रोपं उपटून टाकायला सांगितलं. आणि मावशींचा पत्ता दिला. पुढचं त्यांना जास्त कळतं.